कमी काय करणार?

रोनाल्ड रेगन यांनी २० जानेवारी १९८१ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा, आजच्या संकटावर सरकार हा उपाय नाही, सरकार हीच अडचण आहे, असे ठासून सांगितले होते. त्या आर्थिक वर्षात अमेरिकी केंद्र सरकारचा खर्च सुमारे ६७८ अब्ज डॉलर होता. आठ वर्षांनी ते पायउतार झाले त्या १९८९ च्या आर्थिक वर्षात तो ११४४ अब्ज डॉलरवर गेला होता, आणि सुरुवातीला हजार अब्जांच्या आसपास असलेले कर्ज जवळजवळ तिप्पट झाले होते. महागाई वजा करून पाहिले तरी खर्च वाढलेलाच दिसतो. राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले त्याचे प्रमाण तेवढे किंचित खाली आले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि सायंकाळी अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना सार्वजनिक वित्त समजावून सांगतो. हे आकडे फळ्यावर मांडले की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतेच, "सर, बोलणं अलग अन् करणं अलग, त्यात काय नवल?" कास्तकाराच्या घरच्या पोरांना याचे आश्चर्य वाटत नाही. कापसाच्या भावाची भाषणे ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली आहेत.

मला मात्र हा निव्वळ ढोंगाचा मामला वाटत नाही. ढोंग असते तर ते एखाद्या नेत्यापुरते राहिले असते. इथे माणसे बदलतात, देश बदलतात आणि गोष्ट तीच राहते. जॉर्ज बुश (धाकटे) सत्तेवर आले तेव्हा अमेरिकेच्या तिजोरीत चक्क शिल्लक होती. त्यांनी २००१ आणि २००३ मध्ये कर कमी केले, अफगाणिस्तान आणि इराक ही दोन युद्धे सुरू केली, आणि डिसेंबर २००३ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या औषधांचा खर्च सरकारी विम्यातून देणारा कायदा केला, जो त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या संसदेने संमत केला. २००१ मध्ये सुमारे १८६३ अब्ज डॉलर असलेला खर्च २००८ मध्ये २९८३ अब्जांच्या घरात पोहोचला. पहिली साडेपाच वर्षे त्यांनी एकाही विधेयकावर नकाराधिकार वापरला नाही. जुलै २००६ मध्ये तो पहिल्यांदा वापरला, तोही मूलपेशींच्या संशोधनावरून, पैशावरून नव्हे. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांच्याइतकी काटकसरीची ख्याती दुसऱ्या कोणाची नसेल. त्यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत सरकारी खर्चाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण घटले हे खरे, पण महागाई वजा जाता प्रत्यक्ष खर्च वाढतच राहिला, आणि सार्वजनिक आरोग्यसेवा आपल्या हाती सुरक्षित आहे अशी ग्वाही त्यांना १९८२ च्या पक्ष अधिवेशनात द्यावी लागली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तर करोना येण्याआधीच, अर्थव्यवस्था चांगली चाललेली असताना, २०१९ ची तूट ९८४ अब्ज डॉलरवर गेली होती.

आपल्याकडे उजवे कोण आणि डावे कोण यावर पारावर भांडणे होतील, त्यात मी पडत नाही. परंतु काटकसरीची भाषा बोलणारी सरकारे आपणही पाहिली आहेत. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने २००३ मध्ये तुटीला वेसण घालणारा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा आणला, आणि त्याच सरकारने २००० मध्ये पंतप्रधान ग्राम सडक योजना सुरू केली होती. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बंडीची चाके आसापर्यंत रुतत. डांबरी सडक झाल्यावर कापसाची गाडी वेळेत जिनापर्यंत पोहोचू लागली म्हणजे काय झाले, हे ज्याने त्या चिखलात बैलांना हाकले आहे त्याला विचारावे. तो खर्च अनुत्पादक होता असे म्हणणारा माणूस आमच्या गावात शोधून सापडणार नाही. २०१४ मध्ये 'किमान शासन, कमाल सुशासन' ही घोषणा आली. २०१४-१५ मध्ये केंद्राचा एकूण खर्च सुमारे १६.६ लाख कोटी रुपये होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तो ५०.६५ लाख कोटी धरला आहे. देशाचे उत्पन्नही या काळात वाढले हे लक्षात घेतले, तर जे प्रमाण तेव्हा तेरा टक्क्यांच्या थोडे वर होते ते आता चौदाच्या आसपास आहे. म्हणजे सरकार फुगले नाही, पण किमानही झाले नाही. रोजगार हमी योजनेला पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये लोकसभेत मागच्या सरकारांच्या अपयशाचे स्मारक म्हटले होते, आणि त्याच योजनेवर २०२०-२१ मध्ये १ लाख ११ हजार कोटी रुपये खर्च झाले, कारण शहरांतून परतलेल्या मजुरांना दुसरे काही देण्याजोगे कोणाच्याच हाती नव्हते. महाराष्ट्राला हे नवे नाही. आपली रोजगार हमीच मुळी १९७२ च्या दुष्काळातून जन्माला आली.

पुस्तकात याची कारणे दिलेली असतात. एकोणिसाव्या शतकातला जर्मन अर्थशास्त्रज्ञ अॅडॉल्फ वॅग्नर सांगून गेला की समाज संपन्न होतो तसतसा सरकारचा व्याप वाढतो. पिकॉक आणि वाईजमन यांनी १९६१ मध्ये दाखवले की युद्धासारख्या संकटात खर्च वर चढतो आणि संकट सरल्यावर पूर्वीच्या पातळीवर उतरत नाही. मला यांच्यापेक्षा विल्यम निस्कानेन यांचे म्हणणे अधिक पटते, कारण ते रेगन यांच्याच आर्थिक सल्लागार मंडळावर होते आणि नंतर त्यांनीच आपल्या गोटातल्या एका लाडक्या समजुतीला सुरुंग लावला. ती समजूत अशी की आधी कर कमी करा, तिजोरीत पैसा आला नाही की सरकार आपोआप आवरते घेईल. निस्कानेन यांनी अमेरिकेचे आकडे तपासून म्हटले की घडते ते नेमके उलटे. कर कमी आणि सेवा तेवढ्याच, मधली फट कर्जाने बुजवलेली, अशी स्थिती असली की नागरिकाला सरकार सवलतीच्या दरात मिळते, आणि सवलतीत मिळणारी वस्तू माणूस जास्तच घेतो.

पण मला वर्गात सांगायला आवडते ती हकिगत मे १९८१ मधली आहे. रेगन प्रशासनाने वयाच्या बासष्टाव्या वर्षी लवकर निवृत्त होणाऱ्यांच्या सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनात मोठी कपात सुचवली. निवडणूक प्रचंड मताधिक्याने जिंकून उणेपुरे सहा महिने झालेले, सिनेटमध्ये स्वतःच्या पक्षाचे बहुमत, आणि खर्च कमी करा म्हणूनच लोकांनी निवडून दिलेले. सिनेटने अशा कपातीविरुद्धचा ठराव ९६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. शून्य! काटकसरीच्या बाजूने हात वर करणारा एकही सदस्य त्या सभागृहात निघाला नाही. सरकार छोटे असावे हे सर्वांना मान्य होते. कोणाचे काय काढून घ्यायचे, एवढाच तपशील राहिला होता.

हा तपशील विचारणारा प्रश्न मी अभिरूप मुलाखतीत हमखास विचारतो. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुलाखतीला २७५ गुण आहेत, त्यामुळे मुले ती फार मनावर घेतात. अभिरूप मुलाखत अभ्यासिकेच्या वरच्या खोलीत होते. टेबलावर चादर अंथरलेली, पंखा आवाज करतो म्हणून बंद, आणि पलीकडे आम्ही तिघे: मी, एक सेवानिवृत्त नायब तहसीलदार आणि एक बँक अधिकारी. उमेदवार मोठ्या भावाचे बूट घालून येतो आणि परवानगी मिळाल्यावरच खुर्चीवर बसतो. "सरकारचा खर्च आटोक्यात असला पाहिजे, असे तुम्ही म्हणता. ठीक. मग कमी काय करणार?" अनावश्यक खर्च कमी करू, असे तो म्हणतो. अनावश्यक म्हणजे कोणता, असे विचारले की भ्रष्टाचार थांबवू, असे उत्तर येते. भ्रष्टाचार हे अर्थसंकल्पातले लेखाशीर्ष नाही, त्यापुढे रक्कम लिहिलेली नसते, असे सांगितले की उमेदवार पाण्याच्या ग्लासाकडे हात नेतो.

अडचणीचे प्रश्न मुलाखतीत का विचारतात, यावर माझे म्हणणे असे की ते दोन जातीचे असतात. एका जातीचा प्रश्न उमेदवाराला विचार करायला लावतो. दुसऱ्या जातीचा प्रश्न विचारणाऱ्याला हवी ती माहिती काढून घेतो. दुसऱ्या जातीचे प्रश्न आमच्याकडे विपुल. मुलीला विचारतात, लग्नाचे काय ठरले आहे. मुलाला विचारतात, हे आडनाव तुमच्या भागात कसे काय, आणि त्यातून जे समजून घ्यायचे ते समजून घेतात. मी नोकरीसाठी एका खासगी शिक्षणसंस्थेत मुलाखतीला गेलो होतो तेव्हा विषयाचे दोन प्रश्न झाल्यावर संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने आपुलकीने विचारले, "वडिलांकडे वावर किती?" मी सांगितले, अकरा एकर, कोरडवाहू. "सडकेला लागून आहे काय?" त्या प्रश्नाचा मागणीच्या लवचिकतेशी संबंध नव्हता. आमचे वावर सडकेपासून आत आहे, दोन धुरे ओलांडून जावे लागते, त्यामुळे ते संभाषण पुढे गेले नाही आणि ती नोकरीही मिळाली नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच रद्द केल्या तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. किमान शासनाच्या घोषणेतले जे काही खऱ्या अर्थाने आमच्यापर्यंत पोहोचले, त्यात मी हा निर्णय वरच्या क्रमांकावर ठेवीन. त्यातून वाचला तो सरकारचा खर्च नव्हे, आमच्यासारख्यांच्या बापाचा.

पहिल्या जातीच्या प्रश्नांत सर्वांत अवघड प्रश्न नायब तहसीलदार काकांचा असतो. अर्जातला जिल्हा आणि वडिलांचा व्यवसाय पाहून ते विचारतात, "तुमच्या वडिलांनी कर्जमाफी घेतली होती काय?" हो म्हणावे तर आपणच त्या तथाकथित अनुत्पादक खर्चाचे लाभार्थी ठरतो, नाही म्हणावे तर का नाही, हे सांगावे लागते. एका मुलाने मात्र फार नेटके उत्तर दिले होते. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत संपूर्ण माफी पाच एकरांपर्यंतच्यांना होती. विदर्भात कोरडवाहू जमीन असल्याने धारणा मोठी आणि उत्पन्न तुटपुंजे, त्यामुळे त्याचे वडील सात एकरांचे धनी म्हणून बाहेर राहिले आणि बागायती भागातला पाच एकरांचा शेतकरी आत आला. २०१७ ची माफी त्यांना मिळाली. ती कोणी दिली, हे त्याने सांगितले नाही, पण आम्हा तिघांनाही ठाऊक होते. देवेंद्र फडणवीस त्या वर्षीच्या मार्चपर्यंत, कर्जमाफीने प्रश्न सुटत नाही, शेतीत गुंतवणूक झाली पाहिजे, अशी बाजू मांडत होते. विचार म्हणून ती बाजू कच्ची नव्हती. एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात त्यांच्याच पक्षाच्या सरकारने कर्जमाफी दिली, १ जूनला पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राची ३४ हजार २२ कोटींची योजना जाहीर झाली. मार्चमधली बाजू चुकीची होती म्हणून जूनमध्ये बदलली, असे कोणी म्हटलेले मला आठवत नाही.

निवडणूक हीदेखील एक मुलाखतच आहे, फक्त तिथे खुर्च्यांवर आपण बसलेलो असतो आणि कोणते उत्तर आवडेल हे उमेदवाराला आधीच माहीत असते. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिन्याला १५०० रुपये, आणि पहिल्या वर्षासाठी ४६ हजार कोटींची तरतूद. नोव्हेंबरच्या निवडणुकीत सत्ताधारी महायुतीने २१०० रुपयांचे आश्वासन दिले, तर विरोधकांनी ३००० चे. एकाही बाजूने कमी काय करणार हे सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात एकूण खर्च सात लाख कोटींच्या वर गेला, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटींची दाखवली गेली आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर पोहोचण्याचा अंदाज मांडला गेला. योजनेची तरतूद ३६ हजार कोटींवर आली आणि अपात्रांची छाननी सुरू झाली. आमच्या शेजारच्या काकू या पैशातून बचत गटाचा हप्ता भरतात आणि उरलेल्यातून नातवाच्या वह्या आणतात. तूर निघेपर्यंत घरात नगदी पैसा नसतो तेव्हा महिन्याच्या महिन्याला येणारे दीड हजार म्हणजे काय, हे मी त्यांच्या घरात पाहिलेले आहे. त्यांचे नाव छाननीत उडाले तर मी स्वतः त्यांच्यासोबत सेतू केंद्रात जाईन, आणि संध्याकाळी वर्गात येऊन महसुली तुटीवर बोलेन. ही दोन्ही कामे मला एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत, पण त्यांची बेरीज कशी करायची हेही कोणा अर्थमंत्र्याने करून दाखवलेले नाही.

म्हणून मला काटकसरवादी सरकारांच्या वाढत्या खर्चाचा राग येत नाही. राग येतो तो त्यांच्या हिशेबातल्या मौनाचा. डावीकडचा नेता निदान खर्च वाढवीन म्हणून खर्च वाढवतो, त्यामुळे त्याला पैसा कुठून आणणार हे विचारता येते. उजवीकडचा नेता खर्च कमी करीन म्हणत वाढवतो, त्यामुळे त्याला काहीच विचारता येत नाही. एका गटाला तो रस्ते दाखवतो, दुसऱ्याला अनुदान, तिसऱ्याला करसवलत, आणि तिघांनाही वाटते की कपात होणार ती शेजाऱ्याची. रेगन यांनी वाढवले ते संरक्षण, बुश यांनी युद्ध आणि औषधे, आपल्याकडे महामार्ग आणि थेट खात्यात जमा होणारी रक्कम. सरकारचा आकार कमी झाला नाही, खर्च कोणाच्या दारात जातो ते बदलले. यात गैर असेलच असे नाही. मात्र ते सांगून करावे.

सांगून केले तर काय होते, याचाही एक नमुना आमच्या खोलीत पाहायला मिळाला. एका मुलाने माझ्या प्रश्नाला थेट उत्तर दिले. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक वाटा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवर जातो, व्याज टाळता येत नाही, म्हणून मी पुढच्या वेतन आयोगाची अंमलबजावणी काही वर्षे लांबवीन आणि निवृत्तिवेतनातली वाढही थांबवीन, असे तो म्हणाला. आकडे बरोबर, मांडणी बरोबर, आवाजात कंप नाही. गुणपत्रिका एकत्र केल्या तेव्हा सेवानिवृत्त काकांनी त्याला सर्वांत कमी गुण दिलेले निघाले. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: 'संवेदनशीलतेचा अभाव.' मी आणि बँकेचे साहेब एकमेकांकडे पाहून हसलो, पण काकांना तसे वाटले ते खरेच वाटले होते. त्यांच्या घरी पत्नीच्या डायलिसिसचा खर्च निवृत्तिवेतनातूनच चालतो.

गेल्या खेपेला एका मुलीने डाव उलटवला. मुलाखत संपल्यावर चर्चेसाठी मुलांना बोलावतो तेव्हा तिने विचारले, "सर, तुम्ही सगळ्यांना विचारता. तुम्ही स्वतः काय कमी कराल?" प्रश्न रास्त होता. मी सांगितले की २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना सरसकट मोफत वीज दिली जाते, ती मी सरसकट ठेवणार नाही. ज्याच्याकडे पाणी आहे त्यालाच पंप आहे, आणि ज्याच्याकडे पाणी नाही तो आमच्या भागातला कोरडवाहू पऱ्हाटीवाला त्या योजनेत कुठेच नाही. शिवाय फुकट विजेने उपसा वाढतो आणि विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवू लागतात. जमीन आणि उत्पन्न पाहून सवलत द्यावी आणि वाचलेला पैसा शेततळी आणि मृदसंधारणाकडे वळवावा. तिने ते वहीत लिहून घेतले. मग म्हणाली, "सर, तुमच्या दादाच्या वावरात पंप आहे ना?" आहे. आमच्या अकरा एकरांतल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचा आहे, बिल शून्य येते, आणि हा विचार मी घरी जेवताना दादाजवळ बोलून दाखवला तेव्हा त्याने, "तुला पगार आहे म्हणून सुचते," एवढेच म्हणून ताट पुढे सरकवले होते. मुले मोठ्याने हसली. हसणे ओसरू न देता तिने उपप्रश्न टाकला, "आणि जुनी पेन्शन, सर?" माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुने निवृत्तिवेतन मला लागू नाही. ते पुन्हा लागू करणे राज्याला परवडणारे नाही, हे मी याच वर्गात आकडे मांडून शिकवलेले आहे. मार्च २०२३ मध्ये त्याच मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा तहसील कार्यालयासमोरच्या मंडपात मीही बसलो होतो, आणि ही मुलगी तिथे उत्पन्नाचा दाखला काढायला आलेली होती.